मठ्ठ कोण?

यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, झरी जामणी, मारेगाव या तालुक्यांत कोलामांचे पोड आहेत. तेथील बालकाची मातृभाषा कोलामी, द्राविड कुळातील. पहिलीच्या वर्गात प्रश्न येतो मराठीत, आणि उत्तर हवे असते तत्क्षणी. ते बालक प्रश्न आपल्या भाषेत नेते, उत्तर मराठीत आणू पाहते. तोवर पुढच्या बाकावरचा हात वर झालेला असतो. मागे राहिलेल्याच्या माथी ‘मठ्ठ’ हा शिक्का!

अमेरिकेतील मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासली. शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबत. ती प्रतीक्षा तीन सेकंदांची होताच उत्तरे विस्तारली, मागे पडणारी मुलेही बोलू लागली. याला ना निधी लागतो, ना शासन निर्णय. बालकाला निर्भयपणे मत मांडू द्यावे, शक्यतो मातृभाषेतून शिकवावे, हे तर २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९च सांगते.

पित्याला एकच प्रश्न तीनदा विचारणाऱ्या नचिकेत्याचे आपण गुणगान करतो; वर्गातला नचिकेता मात्र आपल्याला आगाऊ वाटतो. शाळा तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी तक्ते जरा बाजूला ठेवून शेवटच्या बाकाजवळ बसावे आणि गुरुजींच्या प्रश्नानंतर मनात तीन अंक मोजावेत.