तळ्यातला स्पंज, समुद्रातला स्पंज

स्पंज हा प्राणी आहे. त्याला तोंड नाही, हृदय नाही. अंगावरच्या छिद्रांतून पाणी ओढून तो अन्न गाळून घेतो. 'पॉर्क्युपाइन' जहाजाने अटलांटिकच्या खोल तळातून काढलेल्या स्पंजांच्या नव्या प्रजातींचे वर्णन १८७४ मध्ये डॉ. हेन्री जॉन कार्टर यांनी छापले. त्यांचा हा अभ्यास सुरू झाला होता मुंबईच्या तळ्यांवर! कंपनी सरकारच्या नोकरीत असताना तिथल्या स्पंजांच्या अंगातल्या काचेसारख्या सुया सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांनी १८४९ साली त्यांची नोंद केली.

तळ्यावर धुणे धुणाऱ्या बायांच्या हाताला तो स्पंज लागलाही असेल. पण लिहिणे त्यांच्या वाट्याला नव्हते. आज आपल्या मुलींच्या हाती वही आहे. तळ्याकाठी दिसेल ते तारीख घालून लिहून ठेवायला सांगा.