यंत्र आप्त नव्हे

गेली काही वर्षे एक मत मोठ्या ऐटीत मिरवले जाते आहे. ज्ञान डोक्यात बाळगायची गरज उरली नाही, ते खिशातल्या फोनमध्ये असते. तर्क यंत्र आपल्याहून वेगाने करते. आणि मेंदूही गणनयंत्रच असल्यामुळे ‘मी विचार करतो’ ही निव्वळ आत्मप्रौढी. सबब विचार कवटीत झाला काय नि सर्व्हरवर झाला काय, सारखेच. हे सांगणारे विद्वान आपल्या लेखावर स्वतःचे नाव मात्र न चुकता छापून घेतात.

सारखे कसे नाही, ते 2023 साली न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयात दिसले. विमानात ट्रॉली गुडघ्यावर आदळली म्हणून एका प्रवाशाने दावा लावला होता. त्याच्या वकिलांनी चॅटजीपीटीकडून मिळालेले निवाडे लेखी युक्तिवादात दाखल केले. त्यांतले सहा निवाडे कुठल्याच न्यायालयाने कधी दिले नव्हते. निवाडा खरा आहे ना, असे वकिलाने यंत्रालाच विचारले होते. यंत्राने हो म्हटले. साक्षीदाराच्या खरेपणाची चौकशी त्याच साक्षीदाराकडे! न्यायाधीशांनी 5,000 डॉलर दंड ठोठावला तो वकिलांना आणि त्यांच्या फर्मला. यंत्राला कुणी जाब विचारला नाही, कारण जाब देणारे तिथे कुणी नव्हतेच.

आपल्या न्यायदर्शनाने शब्दाला प्रमाण मानले, पण कुणाच्याही शब्दाला नाही. आप्ताचा उपदेश तो शब्द, असे न्यायसूत्र सांगते. आणि विषय स्वतः जाणून तो जसा जाणला तसा सांगू इच्छिणारा तो आप्त, असे त्यावरचे वात्स्यायनाचे भाष्य. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू, असेही तो बजावतो. तेव्हा यंत्राला आम्ही परके म्हणून नाकारतो, हा आरोप टिकत नाही. त्याने विषय जाणलेला नसतो आणि खरे सांगण्याची इच्छाही त्याला नसते. संभाव्य शब्दापुढे संभाव्य शब्द ठेवत ते जाते. बहुतेकदा बरोबर ठेवते, म्हणूनच तर माणूस गाफील राहतो.

प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात लेखनावरही असाच आक्षेप होता, हे ठरलेले उत्तर आता येईल. पण लेखन हे आधी केलेला विचार जपते. इथे न केलेला विचार केल्यासारखा दिसतो. कॅल्क्युलेटरचा शिळा वाद तर उकरूच नये: बेरीज समजलेल्याचे तो श्रम वाचवतो, बस. मेंदू यंत्र असेलही, पण चुकल्यावर लाजणारे.

मग यंत्र वापरायचेच नाही? जरूर वापरावे. कुठलाही नकाशा रंगवायला चार रंग पुरतात, हा चार रंगांचा सिद्धांत 1976 मध्ये संगणकाच्या मदतीने सिद्ध झाला, तेव्हा गणितज्ञांनी यंत्र धुडकावले नाही, पण नुसत्या होकारावर त्यांचे समाधानही झाले नाही. 2005 पर्यंत त्या सिद्धांताच्या सिद्धतेची पायरीन्‌पायरी तपासली गेली. तीही संगणकावरच, पण प्रत्येक पायरीचे कारण मागून. वर्गातही हेच करता येईल. मुलाने निबंध यंत्राकडून लिहून आणला तरी आणू द्यावा. त्यातला प्रत्येक ‘म्हणून’ का आला, हे त्याला उभे राहून सांगता आले तर गुण त्याचे. नाही तर शून्य.