साथीत कोणाचे ऐकले जाते?

मार्च महिन्यात तीन तारखा जवळजवळ येतात. ८ मार्चचा महिला दिन, १० मार्चचा सावित्रीबाई फुले यांचा स्मृतिदिन आणि ११ मार्च. २०२० साली याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाला महासाथ ठरवले. पहिल्या दिवशी सत्कार होतात, दुसऱ्या दिवशी प्रतिमेला हार पडतो, तिसरा दिवस कोणाच्या लक्षातही राहत नाही. या तिन्ही तारखांना जोडणारा एक प्रश्न मात्र त्या वर्षी जगभर विचारला गेला: ज्या देशांची सूत्रे बाईच्या हाती होती, त्यांनी साथ अधिक चांगली हाताळली का?

सुप्रिया गरिकिपाटी आणि उमा कंभंपाटी या दोन अर्थतज्ज्ञांनी १९४ देशांची आकडेवारी तपासली. त्यांत बाई प्रमुख असलेले देश अवघे १९. सारख्या परिस्थितीतल्या देशांशी तुलना करता या देशांनी टाळेबंदी लवकर केली आणि तिथे मृत्यू कमी झाले, असे त्यांना दिसले. त्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासकांनी मांडले की केवळ प्रमुखाच्या स्त्री वा पुरुष असण्याने मृत्यूंच्या आकड्यात ठोस फरक पडत नाही. बेल्जियमच्या पंतप्रधान सोफी विल्मेस होत्या, तरी तिथला मृत्युदर त्या वर्षी जगातल्या सर्वाधिक दरांपैकी होता. दक्षिण कोरिया आणि व्हिएतनाम पुरुषांच्या हाती होते, त्यांनी पहिली लाट नेटाने रोखली. आम्हाला वाटते, बाईला सर्वोच्च पदावर बसवणारा समाज बहुधा दवाखान्यावर खर्च करणारा आणि सरकारवर विश्वास टाकणाराही असतो, आणि श्रेयाचा मोठा वाटा त्या समाजाचा आहे.

न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांचे कौतुक करताना त्यांच्या मायाळूपणावर फार लिहिले गेले. हा त्यांच्यावर अन्याय आहे. न्यूझीलंडमध्ये एकही मृत्यू झालेला नसताना त्यांनी देशाच्या सीमा बंद केल्या आणि सारा देश घरात बसवला. तो तज्ज्ञांचे ऐकून वेळेवर घेतलेला कठोर निर्णय होता. पुरुषाने तो घेतला असता तर त्याला आपण धडाडी म्हटले असते.

बाई सर्वोच्च पदावर असणे पुरेसे नसते, याचा दाखला आपल्या इतिहासातही आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा साम्राज्याच्या सिंहासनावर व्हिक्टोरिया राणी होती. पण प्लेग समितीचा अध्यक्ष रँड याच्या हुकमाने गोरे सोजीर घरात शिरू लागले, देवघरापर्यंत गेले, बायकांची तपासणी चारचौघांत होत असल्याच्या तक्रारी उठल्या. पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या इस्पितळातील बायकांच्या हालांविषयी वर्तमानपत्रात लिहिले. सिंहासनावर बाई होती म्हणून काही पुण्यातल्या बाईची अब्रू राखली गेली नाही. २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, ती राणीच्याच राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची रात्र होती. आणि त्याच साथीत, कोणतेही पद नसलेल्या सावित्रीबाई पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्ण आणत होत्या. मुंढव्याच्या गायकवाडांच्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणले, त्यात त्यांना संसर्ग झाला आणि त्याच वर्षीच्या १० मार्चला त्या गेल्या.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. २८ मार्च २०२० ला बुलढाण्यात कोरोनाचा पहिला मृत्यू झाला, तेव्हा जिल्हाधिकारी सुमन चंद्रा होत्या. पुढच्या फेब्रुवारीत अमरावती विभागात साथ पुन्हा उसळली आणि बुलढाण्यातही निर्बंध लागले, तेव्हा त्या जागी एस. रामामूर्ती होते. पहिल्या खेपेला रुग्ण मोजके होते, दुसऱ्या खेपेला खाटा पुरेनात. यावरून बाई सरस आणि पुरुष उणा असे कोणी म्हणेल तर ते साफ चूक आहे. विषाणूचे रूप बदलले होते, टाळेबंदी उठली होती, माणसे थकली होती. खुर्चीतली व्यक्ती बदलली, पण दारात येऊन उभी राहणारी दोन्ही वेळा आशाताईच, म्हणजे गावातली आरोग्य स्वयंसेविकाच होती.

पुण्या-मुंबईहून, सुरतेहून परतलेल्यांची नावे तिने वहीत उतरवली. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली, तेव्हा एका पथकाला दिवसाला ५० घरे करायची होती. उन्हातून आलेल्या माणसाच्या कपाळाला थर्मल गन लावली की आकडा चढा येतो, म्हणून त्याला आधी ओसरीवर सावलीत बसवायचे. मेंदीच्या किंवा नेलपेंटच्या बोटावर ऑक्सिमीटर चुकू शकतो, म्हणून दुसरे बोट शोधायचे. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत दुपारी घरात कोणी सापडत नाही, म्हणून उजाडताच किंवा दिवेलागणीला जायचे. कोणत्या घरात ताप लपवला जातो आणि का लपवला जातो, हे तिच्याइतके तालुक्याच्या ठिकाणी बसलेल्या कोणालाच ठाऊक नव्हते. पण योग्य मानधनासाठी राज्यातल्या आशांना १५ जून २०२१ पासून संप करावा लागला. पुढच्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या दहा लाख आशांचा गौरव केला. जिनिव्हात बसलेल्या संघटनेला जे दिसले ते आपल्याला आधी दिसायला हवे होते.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणात जिल्हाधिकारी, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, पोलीस अधीक्षक, जिल्ह्याचे वैद्यकीय प्रमुख आणि इतर अधिकारी बसतात. गावात फिरणाऱ्या आशाताईला तिथे जागा नाही. मात्र याच कायद्याच्या कलम २८ नुसार प्राधिकरणाला गरजेप्रमाणे सल्लागार समिती नेमता येते, त्यासाठी मुंबईची वा दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. बुलढाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी, मग ते पुरुष असोत वा स्त्री, अशी समिती नेमावी आणि तेराही तालुक्यांतून किमान एकेक आशाताई तिच्यावर घ्यावी. पुढची साथ येण्याआधी तिची पहिली बैठक व्हावी, ही आमची मागणी आहे.