चार चाकांची ओढ आणि थांबण्याचा प्रश्न

आपल्या महाराष्ट्रात बर्फ पडत नाही. तरीही बर्फावर चालणाऱ्या मोटारीचा विचार आपण आज करणार आहोत. त्याला कारण आहे. मराठी कुटुंबे आता टोरांटोत, म्युनिकमध्ये आणि कॅलिफोर्नियात राहतात व तेथे स्वतः मोटार चालवतात. शिवाय दर हिवाळ्यात आपल्याकडील कितीतरी मंडळी बर्फ पाहण्यासाठी मनालीला जातात. या सर्वांच्या तोंडी एक वाक्य नेहमी ऐकू येते : "गाडी फोर व्हील ड्राइव्ह आहे ना, मग बर्फाची काळजी नको!" मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. हे वाक्य निम्मेच खरे आहे, आणि जे निम्मे खोटे आहे ते जिवावर बेतणारे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून मान्य करू नका. नववी-दहावीच्या गणिताने स्वतः पडताळून पाहा.

प्रथम फोर व्हील ड्राइव्ह म्हणजे काय ते पाहू. साध्या मोटारीत इंजिनाची ओढ दोनच चाकांना मिळते. आजच्या बहुतेक लहान गाड्यांत ती पुढच्या चाकांना मिळते. फोर व्हील ड्राइव्हमध्ये ती चारही चाकांना मिळते. चाक रस्त्याला मागे ढकलते आणि रस्ता चाकाला पुढे ढकलतो. हे ढकलणे घर्षणामुळे होते, आणि त्याची कमाल मर्यादा म्हणजे घर्षणगुणांक गुणिले त्या चाकावरचा भार. समजा, गाडीच्या वजनाचा ६० टक्के भार पुढच्या चाकांवर आहे. मग साध्या गाडीला या ६० टक्क्यांचाच उपयोग होतो, तर फोर व्हील ड्राइव्हला पूर्ण १०० टक्क्यांचा. म्हणून ती बर्फातून सहज निघते, चढ चढते. वाक्याचा खरा भाग एवढाच.

आता ब्रेक दाबू या. ब्रेक किती चाकांना असतात? प्रत्येक मोटारीत चारही चाकांना! साधी गाडी असो की फोर व्हील ड्राइव्ह, थांबताना दोघींनाही पूर्ण १०० टक्के भाराचे घर्षण मिळते. म्हणजे येथे फोर व्हील ड्राइव्हची आघाडी शून्य. सपाट रस्त्यावर थांबण्याचे सूत्र असे आहे :

थांबण्याचे अंतर = वेगाचा वर्ग ÷ (२ × घर्षणगुणांक × गुरुत्वीय त्वरण)

या सूत्राकडे नीट पाहा. त्यात इंजिन किती चाकांना जोडले आहे याचा उल्लेख नाही. गाडीचे वस्तुमानही नाही, कारण ते दोन्ही बाजूंनी येऊन कटते. तेव्हा "जड गाडी बर्फात पक्की बसते" हा समजही येथेच निकालात निघतो. वेग आपल्या पायाखाली आहे आणि गुरुत्वीय त्वरण पृथ्वीच्या हाती आहे. उरतो तो घर्षणगुणांक, आणि तो ठरतो टायर व रस्ता यांच्या जोडीवर.

काही आकडे घालून बघू. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणगुणांक सुमारे ०.८ असतो. दाबून घट्ट झालेल्या हिमावर उन्हाळी टायरसाठी तो ०.१५ आणि चांगल्या हिवाळी टायरसाठी ०.३ धरू. हे आकडे ढोबळ आहेत, परंतु प्रत्यक्ष अनुभवाच्या जवळचे आहेत. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. उत्तरे अशी येतात : कोरड्या रस्त्यावर १२ मीटर, हिमावर हिवाळी टायरने ३३ मीटर आणि उन्हाळी टायरने तब्बल ६६ मीटर. ३३ मीटरवर एखादे मूल रस्त्यात आले, तर हिवाळी टायरची गाडी त्याच्यापाशी कशीबशी थांबेल. उन्हाळी टायरची गाडी त्या जागी पोहोचेल तेव्हा तिचा वेग ताशी ३५ किलोमीटर उरलेला असेल. मग ती फोर व्हील ड्राइव्ह असली काय आणि नसली काय!

वळणाचेही तसेच. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर अभिकेंद्री बल पुरवते ते घर्षणच. ०.१५ गुणांकाला सुरक्षित वेगाची मर्यादा येते ताशी २४ किलोमीटर आणि ०.३ ला ३४ किलोमीटर. येथेही ओढणाऱ्या चाकांची संख्या सूत्रात नाही.

खरी फसगत घाटात होते. १०० मीटरला १० मीटर असा चढ घ्या. उन्हाळी टायर लावलेली साधी गाडी तो चढूच शकणार नाही, कारण ०.१५ च्या ६० टक्के म्हणजे ०.०९, आणि चढ आहे ०.१०. तिची चाके जागीच फिरतील, आणि चालक घाबरून परत फिरेल. हे एका परीने बरेच झाले! फोर व्हील ड्राइव्ह मात्र त्याच टायरवर चढून जाईल. चालकाला वाटेल, रस्ता तितका काही निसरडा नाही. पण चढलेली गाडी उतरावीही लागते. त्याच उतारावर ताशी ३० किलोमीटर वेगात ब्रेक दाबला, तर थांबायला लागतील सुमारे ७१ मीटर. हिवाळी टायर असते तर १८ मीटर पुरले असते. म्हणजे चाक घसरण्याचा जो पहिला इशारा साध्या गाडीत वेळेवर मिळतो, तो फोर व्हील ड्राइव्ह लपवून ठेवते. माझा मुख्य आक्षेप आहे तो यालाच.

आता तुम्ही विचाराल, रबर तर दोन्ही टायरांत असते, मग हिवाळी टायरमध्ये वेगळे काय? त्यासाठी घरी एक प्रयोग करा. बागेला पाणी घालायच्या प्लॅस्टिकच्या नळीचा छोटा तुकडा आणि एक रबरबँड रात्रभर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. सकाळी नळी कडक झालेली आढळेल, रबरबँड मात्र पूर्वीसारखाच ताणला जाईल. तापमान एकच, पण लांब साखळ्यांचे रेणू असलेले प्रत्येक द्रव्य वेगवेगळ्या थंडीत ताठरते. टायरचे रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत कणांभोवती दबून बसते, म्हणून ते पकड घेते. उन्हाळी टायरचे मिश्रण तापलेल्या रस्त्यासाठी बनवलेले असते. थंडीत ते ताठर होते आणि पकड घटते. हिवाळी मिश्रण गोठणबिंदूच्या खालीही मऊ राहते. सरासरी तापमान ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की टायर बदला, असे उत्पादक सांगतात. ही काही काटेकोर सीमा नव्हे, पण लक्षात ठेवायला सोपा आकडा आहे.

दुसरा फरक नक्षीचा. हिवाळी टायरच्या नक्षीत रुंद खाचा असतात आणि प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने चिरल्यासारख्या बारीक चिरा असतात. खाचांत हिम घट्ट भरते, आणि हिमाला हिम चांगले चिकटते. बर्फाचा गोळा करताना मुले याच गुणाचा फायदा घेतात. बारीक चिरांमुळे ठोकळ्यांना अनेक कडा मिळतात व त्या पृष्ठभागात रुततात. असे टायर ही आजची चैन नव्हे. फिनलंडमधील एका कारखान्याने १९३४ साली मालमोटारींसाठी आणि १९३६ साली प्रवासी मोटारींसाठी हिमातले टायर बाजारात आणले होते.

मग टायर निवडावा कसा? बाजूवरची खूण पाहा. 'एम' व 'एस' ही अक्षरे म्हणजे चिखल आणि हिम. ती उत्पादक स्वतःच छापतो, त्यासाठी हिमावर परीक्षा द्यावी लागत नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमाचा षट्कोनी स्फटिक, ही खूण मात्र हिमावरच्या चाचणीत ठरावीक पकड दाखवली तरच मिळते. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसती अक्षरे चालत नाहीत, डोंगराची खूणच हिवाळी टायर म्हणून मानली जाते. टायर चारही बदलावेत. दोनच बदलले तर गाडीचे एक टोक पकड धरते आणि दुसरे घसरते. फोर व्हील ड्राइव्हमध्ये तर चारही टायरांची झीज सारखी असावी लागते. नाहीतर चाकांचे परीघ वेगळे होऊन पुढची-मागची चाके जोडणाऱ्या यंत्रणेवर ताण येतो. खाचांची खोलीही मोजावी. ऑस्ट्रियात ४ मिलिमीटरपेक्षा कमी खोलीचा टायर हिवाळी धरतच नाहीत. हवाही तपासावी. तापमान २० वरून उणे १० अंशांवर गेले, तर बंद टायरमधील दाब सुमारे ०.३ बारने उतरतो. वायूच्या नियमाने हे करून पाहा, मात्र केल्व्हिन मापन आणि निरपेक्ष दाब घ्यायला विसरू नका!

हे टायर पुण्या-नागपूरला लावावेत का? मुळीच नाही. मऊ रबर आपल्या तापलेल्या रस्त्यावर भराभर झिजेल आणि ब्रेकचे अंतर उलट वाढेल. द्रव्य परिस्थितीला अनुरूप हवे, हाच तर मुद्दा आहे.

काहीजण म्हणतील, हिवाळी टायरांचा वेगळा संच म्हणजे दुप्पट खर्च. पण एक संच वापरात असताना दुसरा झिजत नाही. दोन्ही मिळून जास्त वर्षे चालतात. ज्या गावी हिम क्वचित पडते, तेथे डोंगराची खूण असलेले बारमाही टायर हा मधला मार्ग आहे. आणि समजा पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत, तर? वरचे आकडे पुन्हा वापरा. हिवाळी टायरची साधी गाडी ०.१८ चा चढ चढते, उन्हाळी टायरची फोर व्हील ड्राइव्ह ०.१५ चा. म्हणजे जो एकमेव गुण फोर व्हील ड्राइव्हचा, त्यातही साधी गाडी पुढे! माझे मत विचाराल तर पैसे आधी रबरावर खर्चावेत, आणि उरले तर यंत्रणेवर.

नियम करणाऱ्यांनीही हा विचार करायला हवा. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतात लेक ताहोकडे जाणाऱ्या रस्त्यांवर हिमवृष्टीच्या वेळी चाकांना साखळ्या बांधण्याचे तीन टप्पे आहेत. दुसऱ्या टप्प्यात फोर व्हील ड्राइव्हला सूट मिळते, पण चारही चाकांना हिमाचे टायर असतील तरच, आणि साखळ्या गाडीत ठेवाव्याच लागतात. तिसऱ्या टप्प्यात कोणालाच सूट नाही. आपल्याकडे मनालीच्या पुढे, २०२० साली खुल्या झालेल्या अटल बोगद्याच्या वाटेवर, हिम पडल्यावर पोलिस बरेचदा फोर बाय फोर किंवा साखळ्या बांधलेल्या गाड्यांनाच सोडतात. हे योग्यच आहे, पण अपुरे आहे. चढण्याची परीक्षा घेतली, उतरण्याची राहिली. फोर बाय फोरच्या टायरांकडेही पाहावे, आणि ते हिवाळी नसतील तर साखळ्या सक्तीच्या कराव्यात.

शिक्षकांना एक विनंती. घर्षणाचा धडा शिकवताना ठोकळा आणि उतरंड यांवरच थांबू नका. ताशी ४० किलोमीटर वेग आणि ०.२ घर्षणगुणांक देऊन थांबण्याचे अंतर काढायला सांगा. साडेएकतीस मीटर येईल. मग मुलांना शाळेच्या मैदानावर नेऊन ते अंतर पावलांनी मोजायला लावा. ज्यांनी ते एकदा चालून पाहिले, ती मुले उद्या मनालीला जावोत की टोरांटोला, गाडीत बसण्यापूर्वी आधी वाकून टायर पाहतील.