पट्टीचे रसिक

“कारकुनाला चिरुटातले काय कळणार?” असे उद्गार परवा एका वरिष्ठांनी काढले. प्रश्न रास्त आहे. फक्त तो साहेबांनाही विचारावयास हवा. त्यांच्या वर्गातील बहुतेक रसिक हवाना चिरुटावरची रंगीत कागदी पट्टी तेवढी वाचतात, किंमत विचारतात, मग धूर भसाभसा छातीत ओढतात आणि ठसका लागला की ‘माल अस्सल’ म्हणून मान डोलवितात. गवयाचा फेटा पाहून गाण्याला दाद देण्यापैकीच हे!

चिरूट ही हातांची कृती आहे. हवानाच्या कारागिरापुढे पाने असतात ती निरनिराळ्या गुणांची: सहज पेटणारे ‘व्होलादो’, सुवासाचे ‘सेको’ आणि झाडाच्या शेंड्याकडचे जाड, तिखट ‘लिहेरो’. हे शेवटचे मंद जळते, म्हणून ते बरोबर मधोमध बसवावे लागते. वळण घट्ट झाले तर धूर येत नाही. सैल राहिले तर चिरूट तापून जिभेला चटके देतो. हत्यार म्हणाल तर एक लाकडी फळी व एक वाकडे पाते. काम चालू असता या कारागिरांना वर्तमानपत्रे व कादंबऱ्या वाचून दाखविण्याची प्रथा १८६५ पासूनची. वाचणाऱ्याचे वेतन ते आपल्याच मजुरीतून देत. ‘मॉन्टे क्रिस्टो’ हे चिरुटाचे नाव त्या वाचनातूनच आले, असे सांगतात. आमच्या किती साहेबांनी ड्यूमा वाचला आहे?

इतक्या श्रमाची वस्तू सावकाशच चाखावी. धूर तोंडात घोळवून सोडावा. मिनिटाकाठी एक झुरका पुष्कळ झाला. आरंभीची चव निराळी, अखेरची निराळी. (तोंडाच्या कर्करोगाचा धोका मात्र अशानेही टळत नाही; न ओढणारा शहाणाच.)

आणि तिरुचिरापल्लीचा चिरूट पुढे केला की हीच मंडळी नाक मुरडतात! वास्तविक चिरूट या शब्दाचे मूळच तमिळ ‘सुरुट्टु’, म्हणजे गुंडाळलेली वस्तू. कॉनन डॉयलच्या १८८७ मधील ‘अ स्टडी इन स्कार्लेट’मध्ये शेरलॉक होम्स नुसत्या राखेवरून त्रिचनापल्लीचा चिरूट ओळखतो. त्याला पट्टी लागली नाही.

त्या दिवशी तसलाच एक बिनपट्टीचा चिरूट मी वरिष्ठांपुढे धरला. त्यांनी तो हातातही घेतला नाही. म्हणाले, “हा ड्रायव्हरला द्या.”