पॅकिंगवर काटकसर, क्रोमवर खैरात

जुन्या बुलेटची टाकी रंगवायची असली की हौशी माणूस रंगाच्या चार छटा उन्हात धरून बघतो. क्रोम कुठे चांगले करून मिळते याची दहा ठिकाणी चौकशी करतो. सीटची शिवण, टाकीवरची सोनेरी रेघ, जुन्या धाटणीचा हॉर्न यांवर संध्याकाळी वाद झडतात. इंजिन खोलल्यावर मात्र मेकॅनिकला एवढेच सांगितले जाते, ‘पॅकिंग सेट आण कुठलाही.’ सुरतेच्या कोसाड-अमरोलीपासून पुण्याच्या नाना पेठेपर्यंत हेच चालते, आणि या हौसेत सर्वांत महाग पडते ती हीच बेफिकिरी.

गॅस्केट, म्हणजे गॅरेजमधले पॅकिंग, दिसायला कागदाचा कातरलेला तुकडा. पण त्याच्या जाडीवर इंजिनाचे गणित उभे असते. जुन्या बुलेट 350 चेच घ्या. बोअर 70 मिलिमीटर, स्ट्रोक 90, क्षमता 346 सीसी. कॉम्प्रेशनचे प्रमाण 6.5 धरले तर हेडखाली उरणारी जागा भरते सुमारे 63 सीसी. आता हेड पॅकिंग मुळापेक्षा एक मिलिमीटर जाड बसले, तर त्या जागेत जवळजवळ 4 सीसीची भर पडते आणि प्रमाण 6.2 च्या आसपास उतरते. गाडी चालू होते, आवाजही करते, पण चढावर दम लागतो. मालक कार्ब्युरेटरला दोष देतो, मेकॅनिक पेट्रोलला.

शिवाय या इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. प्रत्येक फेरीत हे दोन धातू एकमेकांवर किंचित सरकतात आणि मध्ये चिरडले जाते ते पॅकिंग. ‘बुलेट म्हटली की ऑइल गळणारच’ असे म्हणणाऱ्यांनी त्यात बनावटीचा दोष किती आणि चुकीच्या पॅकिंगचा, जोडाच्या वाकड्या पृष्ठभागाचा (फेसचा), अंदाजाने आवळलेल्या नटांचा किती, हे एकदा वेगळे करून पाहावे.

टू-स्ट्रोकचे दुखणे आणखी वाईट. म्हैसूरच्या आयडियल जावाची जावा-येझदी असो, एस्कॉर्ट्सची राजदूत असो की 1985 ते 1996 या काळात विकली गेलेली आरएक्स 100, या इंजिनांत क्रँककेस स्वतःच पंपाचे काम करते. सिलिंडरच्या तळाचे, म्हणजे बॉटम पॅकिंग जरा कुठे सुटले की ऑइल दिसत नाही, डाग पडत नाही. हवा मात्र आत शिरते. मिश्रणात पेट्रोल कमी पडते, पिस्टन तापतो आणि भर रस्त्यात जाम होतो. त्याच पॅकिंगची जाडी बदलली की पोर्ट उघडण्या-मिटण्याची वेळही बदलते. इंजिन बांधून झाल्यावर तोंडे बंद करून साधारण 6 पीएसआय हवा भरायची आणि काही मिनिटे काटा उतरतो का ते पाहायचे, ही तपासणी कोणत्याही गॅरेजला परवडते. ती मागणारे गिऱ्हाईक मात्र विरळा.

मग भरवसा कशावर ठेवायचा? याचे उत्तर सुरतेतच आहे, फक्त ते मोटारसायकलच्या दुकानात नाही. खानदेशातून तापीच्या काठाने आलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांचे पोट इथल्या यंत्रमागांवर आणि डाइंग मिलवर चालते. डाइंग मिल म्हणजे वाफ, आणि वाफ म्हणजे पाइपाच्या जोडाजोडाला पॅकिंग. मिलचा माणूस जॉइंटिंग शीट घ्यायला जातो तेव्हा तापमान, दाब, जाडी आणि ग्रेड विचारतो. ‘कुठलीही द्या’ म्हणाला, तर बॉयलर चालवणारा त्याला उभा करणार नाही. त्याच मिलमध्ये काम करणारा माणूस रविवारी आपली राजदूत उघडतो तेव्हा मात्र हे सगळे विसरतो.

कव्हरच्या पॅकिंगसाठी तर अशी शीट बाजारातल्या बेनाव पाकिटापेक्षा कितीतरी बरी. शीट कव्हरवर धरून गोल डोक्याच्या हातोडीने कडा ठोकत पॅकिंग कापणारे जुने मिस्त्री अजून आहेत आणि त्यांच्या कामाला गावठी म्हणून नाक मुरडणे चुकीचे आहे. अट एवढीच की शीट वाफेची नव्हे, तेल-पेट्रोल सोसणारी हवी, जाडी मूळ पॅकिंगची हवी आणि ऑइलच्या वाटेचे एकही भोक बुजता कामा नये. काही कव्हरमधून ऑइल पुढे जाते. तिथले भोक राहिले तर चकाचक बांधलेले इंजिन पहिल्याच फेरीत कोरडे चालते. हेड पॅकिंगचे काम मात्र हातोडीने होत नाही. ते तयारच घ्यावे. तांब्याचे असेल तर लालबुंद तापवून मऊ करून पुन्हा वापरता येते.

सिलिकॉनची ट्यूब हा आणखी एक आजार. पॅकिंग पातळ आहे, फेस खरवडला गेला आहे, मग चोपडा सिलिकॉन. बाहेर आलेली कड मालकाला दिसते, तेवढीच आतही गेलेली असते. तिचा धागा सुटून ऑइलच्या नळीत अडकतो. पेट्रोलशी तर साध्या सिलिकॉनचे जमतच नाही, ते फुगते. जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून कव्हर सपाट घासणे हा कंटाळवाणा इलाज आहे आणि तोच खरा आहे.

‘जुना स्टॉक, कंपनीचा ओरिजिनल’ या शब्दांना भुलणाऱ्यांची संख्या मोठी आहे. लाइट, लिव्हर, मीटर जुन्या स्टॉकचे मिळाले तर नशीब. पॅकिंगचे तसे नाही. तीस-चाळीस वर्षे दुकानाच्या माळ्यावर तापलेला कॉर्क आकसतो, कागद ठिसूळ होतो, भोके बोल्टशी जुळत नाहीत. आणि त्या काळच्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता दाट. ब्रिटनने 1999 मध्ये त्याच्या वापरावर पूर्ण बंदी घातली. आपल्याकडे उत्खनन थांबले, आयात चालू राहिली. अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांचे आरोग्य हा त्यांचा मूलभूत हक्क ठरवला आणि त्यांच्या आरोग्याची नोंद किमान 40 वर्षे ठेवायला सांगितले. कारखान्यातल्या कामगाराला निदान कागदावर तरी संरक्षण मिळाले. गॅरेजमध्ये चिकटलेले जुने पॅकिंग कोरडेच खरवडून फुंकर मारणाऱ्या पोऱ्याची नोंद कोण ठेवतो? आधी ऑइलने भिजवून मग खरवडणे आणि हवेच्या पाइपऐवजी ओल्या फडक्याने पुसणे याला पैसे लागत नाहीत. मालकाने उभे राहून तेवढे करून घ्यावे.

पेट्रोलही बदलले आहे. 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल 2023 पासून पंपांवर येऊ लागले आणि आता ते सर्रास मिळते. काही जुन्या वाहनांत दीर्घ वापरानंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही 2025 मध्ये मान्य केले. खर्च किरकोळ असल्याचा दिलासाही दिला. नव्या मोटारसायकलपुरता तो ठीक आहे. 1970 सालच्या जावाच्या कार्ब्युरेटरचे पॅकिंग जवळच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मिळत नाही, हे दिलासा देणाऱ्यांच्या लक्षात आलेले दिसत नाही.

सरकारला जुन्या गाड्यांचे कौतुक नाही असे नव्हे. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांपेक्षा जुनी दुचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते; नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात आणि नव्या नोंदणीला 20 हजार रुपये भरावे लागतात. गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. मूळ इंजिन जपा म्हणायचे आणि ते जपायला लागणाऱ्या काही शे रुपयांच्या वस्तूच्या दर्जाकडे बघायचेही नाही, ही विसंगती आहे. पाकीटबंद मालावर उत्पादकाचे नाव, पत्ता आणि किंमत छापणे 2011 च्या वजनमाप नियमांनी बंधनकारक केलेच आहे. पॅकिंगच्या पाकिटावर आणखी तीन गोष्टी सक्तीच्या व्हाव्यात: जाडी, घटक आणि अ‍ॅस्बेस्टॉस आहे की नाही. बनवणाऱ्याला हे तिन्ही ठाऊक असते, छापायला शाई तेवढी लागते.

नियम येईल तेव्हा येईल. तोवर इंजिन खोलाल तेव्हा निघालेले जुने पॅकिंग कचऱ्यात टाकू देऊ नका. जिथे ते दाबले गेलेले नाही अशा कडेला व्हर्नियर लावून जाडी मोजा, तो आकडा वहीत लिहा आणि दुकानात तोच मागा. ज्या पाकिटावर बनवणाऱ्याचा पत्ता नाही, ते परत करा.