सेंट थॉमस चर्चमधील एक शिळा

सांगलीचे हळदीचे आणि सातारच्या पेठांतील व्यापारी कामानिमित्त मुंबईस वरचेवर जातात; चर्चगेट हें नांव त्यांच्या तोंडीं बसलेलें आहे. परंतु ज्या चर्चमुळें जुन्या कोटाच्या दरवाजास हें नांव पडलें, तें हॉर्निमन सर्कलजवळील सेंट थॉमस कॅथीड्रल आंत जाऊन पाहिलेले गृहस्थ आम्हांस फार थोडे भेटले. परधर्माच्या मंदिरांत पाऊल टाकल्यानें आपला धर्म बुडतो, ही भीति आतां तरी सोडावी. १७१८ सालच्या नाताळांत उपासनेस खुल्या झालेल्या या इमारतींत कंपनीच्या अंमलदारांचीं संगमरवरी स्मारकें आहेत. त्यांतील पुष्कळशीं केवळ स्तुतिपाठ होत. तीं ओलांडून पुढें गेल्यास नुकसान नाहीं.

एकापाशीं मात्र थांबावें. १७९५ पासून १८११ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर असलेले जोनाथन डंकन यांचें तें स्मारक. बनारस व काठेवाड येथील बालहत्या त्यांनीं बंद केली, असें त्यावर कोरलें आहे. बालहत्या म्हणजे जन्मलेल्या मुलींस मारणें. डंकनसाहेबांची कळकळ खरी होती. पण ‘बंद केली’ हे शब्द दगडापुरतेच खरे. त्यांच्या मागें ही चाल पुष्कळ वर्षें टिकली, व १८७० सालीं सरकारास तिजविरुद्ध नवा कायदा करावा लागला.

हें वाचून काठेवाडास नांवें ठेवण्यापूर्वीं आपल्या अंगणांत पाहावें. गर्भलिंगनिदानास आळा घालणारा कायदा १९९४ चा. त्यानंतर २०११ सालीं सातारा जिल्ह्यांत २८५ मुलींचीं नांवें समारंभपूर्वक बदलावीं लागलीं. आईबापांनीं त्यांस ‘नकुसा’, म्हणजे नको असलेली, असें नांव ठेविलें होतें. आणि मार्च २०१७ मध्यें मिरज तालुक्यांतील म्हैसाळ येथें ओढ्याजवळ पुरलेले १९ भ्रूण सांपडले.

हीं अडाण्यांचीं कामें, असें म्हणून पेढीवरची मंडळी हात झटकतात. पण चोरट्या तपासणीस पैसा लागतो, आणि तो अडाण्यापेक्षां कोणापाशीं अधिक आहे, हें आम्ही सांगावयास नको. मुलाच्या लग्नांत हुंड्याचा आंकडा वाढविणारे कोण? वंशाच्या दिव्याकरितां सुनेस दवाखान्याची वाट दाखविणारे कोण? सातारचे कंदी पेढे मुलगा झाला म्हणूनच वाटले जातात. मुलीच्या वेळीं बर्फीवर भागतें, तीही वाटलीच तर.

येत्या खेपेस मुंबईचें काम आटोपल्यावर अर्धा तास काढून ती शिळा वाचून यावी. आणि जमल्यास घरांतील लेकीसुनांसही बरोबर न्यावें.